लग्नाचं वऱ्हाड नाशकात उतरवायचंय? हॉटेलच्या रूम बुक करायच्या आधी हे वाचून घ्या

मागच्या डिसेंबरात आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. लॉन्स छत्रपती संभाजीनगर रोडला, म्हणजे आपला जुना औरंगाबाद रोड. बाबा म्हणाले, हॉल, जेवण, भटजी, मानपान सगळं मी बघतो, तू फक्त रूमचं बघ. त्या "फक्त"ने दोन महिने माझी झोप उडवली. तेव्हापासून ओळखीत कुणाचं लग्न ठरलं की फोन येतो, "अरे तू केलं होतंस ना, सांग जरा कसं करायचं", आणि दरवेळी तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी माझी चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मी पहिल्यांदा काय केलं, तर माणसं मोजली. नव्वद माणसं, तीनने भागा, तीस रूम, तीन दिवसांचा कार्यक्रम, झालं. हा हिशोब दिसायला बरोबर आहे पण पूर्ण चुकीचा आहे, कारण हॉटेलवाला तुम्हाला माणूस विकत नाही, तो रात्र विकतो. एक रूम एक रात्र. आणि पाहुणे काही सगळे एकदम येऊन एकदम जात नाहीत, आत्या हळदीच्या आदल्या दिवशी येते, मावसभाऊ अक्षता पडायच्या अर्धा तास आधी येतो आणि जेवून निघतो. म्हणून माणसाच्या नावापुढे तो कधी येणार आणि कधी जाणार हे कळल्याशिवाय कुठल्याही हॉटेलला फोनसुद्धा करू नका.

यादी: इथे आठवडा गेला तरी चालेल

पत्रिकेची यादी वेगळी आणि राहायची यादी वेगळी. आमच्याकडून बाहेरगावची 118 नावं होती. त्यातले 46 जण त्याच दिवशी येऊन जाणारे निघाले, मुंबई आणि पुणेवाले बरेचसे असेच असतात, पहाटे गाडी काढतात आणि संध्याकाळी परत. 26 जण नातेवाईकांच्या घरी उतरले, काका सिडकोत, मावशी इंदिरानगरला, त्यांच्याकडे हक्काने जाणारे असतातच आणि त्यांना हॉटेलमध्ये टाकलं तर उलट मावशीलाच राग येतो. उरले 46. मुलाकडचं वऱ्हाड सोलापूरहून, त्यांचे राहणारे 44. एकूण 90.

मग कार्यालयाकडे वळा. बहुतेक लॉन्स आणि कार्यालयांच्या पॅकेजमध्ये काही रूम आणि एखादा गाद्या टाकायचा हॉल येतो आणि लोक तो मोजायलाच विसरतात. आमच्या लॉन्सला 8 रूम होत्या, त्यातल्या दोन नवरा-नवरीच्या तयारीला गेल्या, उरलेल्या 6 मध्ये तीन-तीन माणसं म्हणजे 18, आणि हॉलमध्ये 20 पोरं. पोरांना हॉलच आवडतो, पत्ते रात्रभर चालतात. राहिले 52. एवढ्यांसाठीच हॉटेल लागणार होतं.

आता 52 ला तीनने भागलं तर 18 रूम, दोनने भागलं तर 26. खरा आकडा या दोघांच्या मधे कुठेतरी येतो, कारण नवरा-बायको आणि दोन लहान मुलं एका रूममध्ये मावतात पण सत्तरीतल्या दोन आजोबांमध्ये तिसरा माणूस घालता येत नाही. एकेक कुटुंब लिहून बघितलं तेव्हा 19 आला, वर दोन जास्तीच्या धरल्या, 21.

आणि आता रात्री. हळदीच्या आदल्या रात्री फक्त 6 रूम लागत होत्या. लग्नाच्या आदल्या रात्री सगळ्या 21. लग्नाच्या रात्री 9, बाकीचे पाठवणी झाली की निघणार होते. म्हणजे एकूण 36 रात्री. मी आधी डोक्यात धरलं होतं तसं तिन्ही रात्री सगळ्याच रूम, म्हणजे याच 21 रूम तीन रात्री घेतल्या असत्या तर 63 झाल्या असत्या. आम्हाला 2,200 चा रेट मिळाला होता, वर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 36 चे 83,160 आणि 63 चे 1,45,530. बासष्ट हजार रुपये नुसत्या वहीच्या एका पानावर वाचले, त्यात कुठल्या मॅनेजरशी घासाघीससुद्धा करावी लागली नाही.

माहिती गोळा करायला मेसेज केला तरी मोठ्या माणसांना फोनच करा. व्हॉट्सअपवर फॉर्म भरायला सांगितला की "आम्हाला काय हॉटेलचं गिऱ्हाईक समजता का" हे ऐकावं लागतं. बरोबरीच्या लोकांना मी असा मेसेज टाकला होता, हवा तर उचला:

"लग्नाला येताय ना नक्की? राहायची सोय करतोय म्हणून विचारतोय. किती जण, त्यात लहान मुलं किती? कधी आणि कशाने पोचणार, गाडीची वेळ काय? परत कधी निघणार? कुणाला जिना चढायला त्रास आहे का? रविवारपर्यंत सांगा म्हणजे रूम धरून ठेवतो."

"किती वाजता पोचणार" हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच मी पहिल्या फेरीत विचारला नव्हता. आमचे नागपूरचे मामा-मामी पहाटे पावणेपाचला नाशिकरोडला उतरले, हॉटेलात पोचले साडेपाचला, आणि रिसेप्शनवरचा पोरगा म्हणाला चेक-इन बारा वाजता. रूम खरंच रिकामी नव्हती, आदल्या रात्रीचं गिऱ्हाईक झोपलेलं होतं. डिसेंबरातलं नाशिक, पहाटेची थंडी तुम्हाला माहितीये, निफाडकडचं गार वारं थेट हाडात जातं, आणि मामी लॉबीतल्या त्या गारेगार रेक्झिनच्या सोफ्यावर शाल गुंडाळून बसलेल्या, मांडीवर आहेराची पिशवी. मी पोचलो तेव्हा काही बोलल्या नाहीत, नुसतं "असू दे रे" म्हणाल्या. ते "असू दे" अजून टोचतं. तर पहाटे उतरणाऱ्या माणसासाठी रूम आदल्या रात्रीपासूनच धरायची, एक रात्र फुकट गेल्यासारखी वाटते पण ती फुकट नसते. असे पाहुणे जास्त असतील तर आदल्या रात्रीपासून दोनच रूम घ्या, सगळ्यांना तिथे अंघोळ-चहा करू द्या आणि बाराला आपापल्या रूममध्ये पाठवा. आम्ही दुसऱ्या बॅचला हेच केलं.

तारीख आणि एरिया

मुहूर्त निघाला की हॉलसोबतच रूमचं बोलून टाका. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, आणि चांगल्या मुहूर्ताच्या दिवशी शहरात एकाच वेळी इतकी लग्नं असतात की मधल्या बजेटची हॉटेलं आधी भरतात. एप्रिल-मेचं पण तेच. त्यात नाशकाचं स्वतःचं कॅलेंडर आहे ते बाहेरच्यांना कळत नाही. शनिवार-रविवारी वायनरीवाले येतात मुंबई-पुण्याहून, त्यामुळे गंगापूर रोडकडचे रेट शुक्रवारी संध्याकाळपासूनच चढतात. पौष महिन्यात त्र्यंबकला निवृत्तीनाथांची यात्रा, श्रावणात सोमवार, एरवीसुद्धा नारायण नागबळीला येणारी मंडळी तीन-तीन दिवस राहतात. 31 डिसेंबरच्या आसपास तर विचारूच नका. लग्नाची तारीख हातात असेल तर रविवारऐवजी मंगळवार-बुधवारचा मुहूर्त घेऊन बघा, रेटमध्ये फरक पडतो.

आणि सिंहस्थ. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण आहे, 2027 मध्ये 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबरला नाशकात अमृतस्नान, त्र्यंबकला तिसरं स्नान 12 सप्टेंबरला. चातुर्मासात तशी लग्नं कमीच असतात पण हल्ली लोक कामचलाऊ मुहूर्त काढून करतात, तर या तारखांच्या जवळपास कार्य ठेवायचा विचार असेल तर दोनदा विचार करा. रूम मिळाली तरी पाहुणा रामकुंडाच्या बाजूने गाडी घेऊन कसा येणार हा प्रश्न राहतोच.

एरियाचा नियम माझा एकच आहे. हॉटेल स्टेशनजवळ बघायचं नाही, कार्यालयाजवळ बघायचं. लोक म्हणतात नाशिकरोडला घेऊ, रेल्वेने येणाऱ्यांना बरं. अरे पण स्टेशनवरून एकदाच यायचंय, कार्यालयात चार वेळा जायचंय. नाशिकरोडपासून सीबीएस, म्हणजे शहरातलं मधलं बस स्टँड, नऊ-दहा किलोमीटर आणि मधे द्वारका चौक, तिथे लग्नसराईच्या संध्याकाळी अडकलात तर अक्षता व्हॉट्सअपवरच टाकाव्या लागतील. तर लॉन्स संभाजीनगर रोड किंवा आडगाव नाक्याकडे असेल तर पंचवटी, आडगाव नाका, फार तर द्वारका. गंगापूर रोडच्या कार्यालयांना गंगापूर रोड, कॉलेज रोड, त्र्यंबक नाका. पाथर्डी फाटा किंवा मुंबई हायवेकडे असेल तर मुंबई नाका, इंदिरानगर. नाशिकरोडचंच कार्यालय असेल तर मात्र बिटकोच्या आसपास खुशाल बघा.

सगळ्यांना एकाच हॉटेलात ठेवता आलं तर उत्तम, नाहीतर जास्तीत जास्त दोन. तीन झाली की तुम्ही लग्न बघणार नाही, फोनच उचलत बसाल. दोन घ्यायची असतील तर वऱ्हाड एका ठिकाणी आणि आपली माणसं दुसऱ्या. पूर्वी जानवसघर वेगळं असायचं ते उगीच नाही, व्याह्यांना आपल्या घरातली भांडणं ऐकू जाऊ नयेत हाच त्यातला शहाणपणा. आणि त्या दोन्हींच्या दर्जात फार फरक ठेवू नका, फरक ठेवलाच तर वऱ्हाडाचं हॉटेल वरचढ पाहिजे, नाहीतर पुढची वीस वर्षं बहिणीला ऐकावं लागेल.

बजेट घट्ट असेल तर पंचवटीतल्या धर्मशाळा आणि भक्तनिवास वाईट नाहीत, स्वच्छ असतात, पण गेट रात्री किती वाजता बंद होतं ते विचारा, कारण संगीतवरून साडेबाराला येणाऱ्या पोरांना बाहेर झोपायची वेळ येते. मांसाहार आणि दारू तिथे चालत नाही, त्या मंडळींना तिथे पाठवू नका. गंगापूर धरणाकडचे बंगले आणि फार्महाऊस पोरांच्या ग्रुपला छान, पण शहरापासून लांब, सकाळच्या मुहूर्ताला त्यातला एकही वेळेत पोचत नाही हा स्वानुभव.

जाऊन बघा, आणि सकाळी जाऊन बघा

फोटोवर जाऊ नका, फोटोतली रूम एकच असते आणि ती तुम्हाला मिळत नाही. मॅनेजर दाखवेल ती रूम बघून झाली की म्हणा, अजून दोन दाखवा, एक किचनच्या वरची आणि एक शेवटच्या मजल्यावरची. तेव्हा खरं हॉटेल दिसतं.

मी सकाळी सातला जायला सांगतो त्याचं कारण गरम पाणी. मधल्या बजेटच्या बऱ्याच हॉटेलांत सोलर असतो, "चोवीस तास गरम पाणी सर" म्हणतात आणि ते असतंही, जोवर हॉटेल अर्धं रिकामं असतं तोवर. लग्नाच्या दिवशी मात्र 20 रूममधली पन्नास माणसं साडेपाच ते सात या दीड तासातच अंघोळ करतात, त्यात बायकांचं केस धुणं. आमच्याकडे पावणेसातला दुसऱ्या मजल्यावर पाणी कोमट झालं आणि सातला गार. काकू बाथरूमच्या दारातून हात बाहेर काढून बादली देतायत, मी जिन्यावरून हॉटेलच्या किचनमधून पातेल्यात तापवलेलं पाणी वर नेतोय, अंगात झब्बा, खांद्यावर उपरणं, आणि खालून फोटोग्राफर ओरडतोय नवरीचा भाऊ कुठेय. तर नळ सोडून बघा, गरम पाणी यायला किती वेळ लागतो मोजा, आणि स्पष्ट विचारा की रूममध्ये स्वतंत्र गिझर आहे का, सोलर असेल तर बॅकअप कसला. ढगाळ दिवस असेल तर काय, हेही विचारा.

बाकी बघायचं ते पटकन सांगतो. लिफ्ट आहे का आणि लाईट गेली तर जनरेटरवर लिफ्ट चालते का. कमोड आहे का, गुडघेदुखीवाल्यांना त्याशिवाय जमतच नाही. जास्तीची ब्लँकेट, आमच्याकडे थंडीत एकेक पातळ चादर होती, मग घरून बारा रजया आणल्या. ट्रॅव्हल्सची मोठी बस उभी राहील एवढी जागा आहे का आणि ड्रायव्हर कुठे झोपणार. त्याच हॉटेलात बँक्वेट असेल तर आपल्या तारखेला तिथे कुणाचं फंक्शन आहे का, नाहीतर वरती आजी झोपलीये आणि खाली डीजे. एवढं पुरे, पडद्यांचा रंग बघत बसू नका.

रेट ठरवताना

ऑनलाईन ॲपवरचा रेट आधी बघून ठेवा पण बुक तिथून करू नका. ॲपवर वीस रूम टाकल्या तर वीस वेगळी बुकिंग होतात, कुठली रूम कुणाला हे ठरवता येत नाही आणि बदल करायचा म्हटलं की ॲपवाला हॉटेलकडे बोट दाखवतो, हॉटेल ॲपकडे. तो रेट मनात ठेवून थेट मॅनेजरला किंवा मालकाला भेटा. ॲपला द्यावं लागणारं कमिशन त्यांचं वाचतं, त्यातला वाटा आपल्याला मागायचा, सरळ हिशोब आहे. पाच-सहा रूमच्या वर गेलात की ग्रुप रेट मागता येतो आणि मागायला लाजायचं नाही.

जीएसटीचं नीट समजून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या रूमवर 5 टक्के आणि त्याच्या वर 18 टक्के लागतो. कुणी जुन्या सवयीने 2,500 च्या रूमवर 12 टक्के लावून कोटेशन देत असेल तर तिथल्या तिथे दाखवून द्या. आणि रेट विचारताना "टॅक्स धरून की सोडून" हे प्रत्येक वेळी विचारा, मी एकदा विसरलो तर दोन हॉटेलांची तुलनाच चुकली.

पैसे कमी करून घेण्यापेक्षा सोयी वाढवून घेणं सोपं जातं, हे मला तिसऱ्या हॉटेलात कळलं. मॅनेजर 2,200 च्या खाली यायला तयार नव्हता पण नाश्ता त्यातच दिला, दोन रूम सकाळी सहाला उघडून द्यायचं कबूल केलं, एक्स्ट्रा गादीचे पैसे निम्मे केले आणि वऱ्हाडाच्या बसच्या दोन ड्रायव्हरची झोपायची सोय फुकट केली. नाश्त्याची वेळ मात्र आधी ठरवा. हॉटेलचा नाश्ता आठला सुरू होतो आणि आपल्याला साडेसातला कार्यालयात पोचायचं असतं, मग त्या फुकट नाश्त्याचा उपयोग काय.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे जास्तीच्या रूम परत करायची तारीख. लग्नाच्या दहा-बारा दिवस आधीपर्यंत अमुक इतक्या रूम पैसे न कापता सोडता येतील, असं ठरवून घ्या. आमच्या 21 मधल्या दोन तशा होत्या, एक सोडली, एक ऐनवेळी आलेल्या आतेभावाच्या कुटुंबाला लागली.

आणि हे सगळं लिहून घ्या. तारखा, कुठल्या रात्री किती रूम, रेट, टॅक्स, नाश्ता, चेक-इन, चेक-आउट, ॲडव्हान्स किती, रद्द केलं तर किती कापणार. ईमेल मिळाला तर उत्तम, नाहीतर व्हॉट्सअपवर तुम्हीच टाईप करून पाठवा आणि त्यांच्याकडून "कन्फर्म" असं उत्तर घ्या. माझ्या मित्राच्या लग्नात तोंडी बोलणी झाली, ॲडव्हान्स मॅनेजरच्या हातात रोख दिला, महिन्याभरात तो मॅनेजर नोकरी सोडून गेला, आणि नवीन माणूस म्हणाला आमच्या रजिस्टरला तुमचं नावच नाही. ॲडव्हान्स हॉटेलच्या खात्यावर द्या आणि पावती घ्या. आठवडा आधी एकदा आणि आदल्या दिवशी एकदा फोन करून आठवण करा, आदल्या दिवशी तर स्वतः जाऊनच या.

पैसे कोण देणार

हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही आणि मग बिलाच्या वेळी सगळे एकमेकांकडे बघतात. वऱ्हाडाच्या रूमचे पैसे मुलीकडचे देणार की दोघांत निम्मे, हे सुपारी फोडताना किंवा याद्या करतानाच बोलून घ्या, दोन्हीकडची बाबा लोकं अवघडत असतील तर मधल्या एखाद्या काकांना पुढे करा. आमच्याकडे निम्मे ठरले होते आणि मुलाकडच्यांनीच आधी विषय काढला, त्यामुळे बाबांचा जीव भांड्यात पडला.

हॉटेलला सांगून ठेवा की रूमभाडं आणि नाश्ता आमच्या बिलात, बाकी जेवण, कोल्ड्रिंक, लॉन्ड्री, ज्याने मागवलं त्याने तिथल्या तिथे द्यायचं. मी हे रिसेप्शनला सांगितलं पण रूम सर्व्हिसच्या पोराला कुणी सांगितलंच नाही, आणि शेवटच्या बिलात रात्री दीड वाजताचं चिकन लॉलीपॉप पाच प्लेट निघालं. रूम नंबर बघितला, सख्खे चुलतभाऊ. काय बोलणार.

आयडी आणि कोण कुठल्या रूममध्ये

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, ग्रुपमधल्या एकाचं देऊन चालत नाही. आधार, मतदान कार्ड, लायसन्स चालतं, पॅनकार्डवर पत्ता नसतो म्हणून बरीच हॉटेलं ते घेत नाहीत. आधारची मास्क केलेली कॉपी डाउनलोड करता येते ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, ती मागवून घ्या, पन्नास लोकांचे आधार नंबर तुमच्या फोनमध्ये कशाला. परदेशी पासपोर्टवर कुणी येणार असेल, अमेरिकेतली चुलतबहीण आणि तिचा गोरा नवरा वगैरे, तर त्यांचा पासपोर्ट-व्हिसा लागतो आणि हॉटेलला 24 तासांच्या आत त्यांची माहिती सरकारकडे ऑनलाईन भरावी लागते, हॉटेलवाले त्याला सी-फॉर्म म्हणतात. छोट्या लॉजला हे माहीत नसतं किंवा झंझट नको असते म्हणून ते ऐनवेळी नाही म्हणतात, तेव्हा आधीच विचारा. काही हॉटेलं नाशिकचाच पत्ता असलेल्याला रूम देत नाहीत, तुमच्यापैकी कुणी तिथे थांबणार असेल तर तेही बोलून ठेवा.

रूमची वाटणी दोन दिवस आधी करा आणि हॉटेलला यादी द्या, म्हणजे चाव्या नावाच्या पाकिटात तयार राहतात आणि माणूस पोचला की रजिस्टरवर सही करून सरळ वर. वाटणीला आईला बसवा. हे काम एक्सेलचं नाही. कुठली काकू कुठल्या आत्याशी 2011 पासून बोलत नाही, कोण घोरतं, कुणाला पंखा पाच वर लागतो आणि कुणाला बंद, हे फक्त आईला माहीत असतं. मी मोठ्या हुशारीने केलेली यादी आईने पाच मिनिटांत लाल पेनने खोडली. आजी-आजोबा खालच्या मजल्यावर किंवा लिफ्टशेजारी, तान्ही बाळं असलेली कुटुंबं एका बाजूला, पत्तेवाली गँग कॉरिडॉरच्या पार शेवटाला, आणि विहीणबाईंना जिथे सकाळचं ऊन येतं आणि गाड्यांचा आवाज येत नाही ती रूम.

गाड्या

पोचायच्या वेळा तुमच्या यादीत आहेतच, त्यावरून गाड्या लावा. मुंबईकडचे पंचवटी एक्सप्रेसने संध्याकाळी निघतात ते रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास नाशिकरोडला उतरतात, सकाळच्या वंदे भारतवाले नऊच्या आसपास, या दोन वेळांना एकेक टेम्पो ट्रॅव्हलर किंवा दोन अर्टिगा लावल्या की रेल्वेचं काम बरचसं निपटतं. विमानाने येणाऱ्यांना ओझर साधारण वीस किलोमीटर, दोन-चार माणसांसाठी टॅक्सीच बरी. स्टेशनवर एखादा भाऊ उभा करा, ज्याला पाहुणे चेहऱ्याने ओळखतात, नुसता ड्रायव्हरचा नंबर दिला तर म्हातारी माणसं गोंधळतात.

हॉटेल ते कार्यालय मात्र फेऱ्यांच्या वेळा ठरवून टाका. सकाळी सात, आठ, नऊ. "तयार झालात की फोन करा, गाडी पाठवतो" असं चुकूनही म्हणू नका, प्रत्येकजण वेगळ्या वेळी तयार होतो आणि प्रत्येकजण तुम्हालाच फोन करतो. वेळ द्यायची ती पण अर्धा तास आधीची, मुहूर्त 12:35 चा असेल तर शेवटची गाडी 11 ला सुटते असं सांगायचं आणि खरी सोडायची साडेअकराला.

त्या दोन दिवसांत

रिसेप्शनजवळ आपला एक माणूस बसवा. कॉलेजातला भाऊ किंवा बहीण, ज्याला हळदीत नाचायला फारसं आवडत नाही असा. त्याच्याकडे यादीची प्रिंट, गाड्यांच्या वेळा, पेन, चार्जर, क्रोसिन, सेफ्टी पिना. सेफ्टी पिना भरपूर ठेवा, लग्नाच्या सकाळी हॉटेलात सगळ्यात जास्त मागणी त्यालाच असते. रूममध्ये आधीच एक पिशवी ठेवली तर पाहुण्यांना बरं वाटतं, आम्ही पाण्याची बाटली, कोंडाजी चिवड्याचं छोटं पाकीट, दोन लाडू आणि एका कागदावर कार्यक्रमाच्या वेळा, कार्यालयाचा पत्ता आणि दोन फोन नंबर दिले होते. त्या कागदावर माझा नंबर टाकला ही अजून एक चूक, तिथे रिसेप्शनवर बसलेल्याचा टाकायचा.

अंघोळीची गर्दी कमी करायला आदल्या रात्री ग्रुपवर सांगा की पुरुष मंडळींनी साडेपाचच्या आत उरका. ऐकणार नाहीत, पण चार जण ऐकतात आणि तेवढ्यानेही फरक पडतो.

चेक-आउट बहुतेक ठिकाणी सकाळी दहा-अकराला असतं, म्हणजे बरोबर विधी चालू असताना. सगळ्या रूम वाढवून घेण्यात अर्थ नाही. दुपारी निघणाऱ्यांना सकाळीच बॅगा भरून रूम सोडायला लावा, त्यातल्या दोन रूम मात्र संध्याकाळपर्यंत आपल्याकडे ठेवा, एक बायकांना कपडे बदलायला, एक सगळ्यांच्या बॅगा ठेवायला, आणि बॅगांच्या रूमची चावी त्या रिसेप्शनवाल्या भावाकडे. दागिने असतील तर त्या रूममध्ये नाहीत, ते ज्याचे त्याने जवळ ठेवायचे, हे आदल्या दिवशीच घरातल्या सगळ्या बायकांना सांगून टाका.

बिल लग्नाच्या दिवशी भरू नका. मॅनेजर मागेल, म्हणेल सर आजच क्लिअर करा, त्याला सांगा उद्या सकाळी दहाला येतो, ही बोली आधीच करून ठेवलेली असली की वाद होत नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिऊन, वही घेऊन जा आणि रात्रीनुसार रूम मोजा. आमच्या बिलात लग्नाच्या रात्रीच्या 9 ऐवजी 11 लावल्या होत्या, संध्याकाळपर्यंत ठेवलेल्या त्या दोन रूमची अख्खी रात्र धरली होती. व्हॉट्सअपवरचा "कन्फर्म" दाखवला, त्यात लिहिलंच होतं की त्या दोन सात वाजेपर्यंत वेगळे पैसे न घेता, मग कमी केलं.

निघताना हाऊसकीपिंगच्या पोरांच्या हातावर काहीतरी ठेवा, पातेल्याने पाणी तेच वर नेत होते माझ्याबरोबर, आणि त्यांनाच विचारा काय काय राहिलंय. आमच्याकडे तीन चार्जर, एक कवळी, एक पैठणीचं ब्लाऊज आणि मामीची ती शाल निघाली. शाल कुरिअरने नाही पाठवली, स्वतः नागपूरला जाऊन दिली.